सव्वा इंची पाइप

बंकटचं पत्र होळीच्या आठवड्यात आलं, आणि मी त्याला उत्तर दिलं नाही.

पत्र औरंगाबादहून आलं होतं. निळं अंतर्देशीय, घडीवर ग्रीसचा अंगठा उमटलेला. अक्षर मोठं, ओळी खाली उतरत गेलेल्या. मजकूर मला अजून पाठ आहे.

"आप्पांना नमस्कार. गाडी संस्थेच्या इंजिनघरात अडकून हाय. इथला गॅरेजवाला म्हणतो, तू केलेली गाडी आणून दाखव, मग वेल्डिंगवर घेतो, तवर पार्ट धू. चाळीस वर्साचा मानूस पार्ट धुतोय. मला तुमच्याकडून दोनच ओळी पाहिजेत. स्टँड तुमी दिला होता का नव्हता, एवढंच लिवा. आठवत नसंल तर तसं लिवा. पन काहीतरी लिवा."

मी ते पत्र शब्दकोशात ठेवलं आणि शब्दकोश कपाटात ठेवला.

मी आमच्या गावच्या वाचनालयात एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्त झालो तरी किल्ली माझ्याकडेच राहिली, कारण ती मागायला कुणी आलं नाही. छापलेल्या ओळीवर माझा जेवढा विश्वास आहे तेवढा स्वतःच्या आठवणीवर नाही. कालचं जेवण आठवलं तरी मी बायकोला विचारून खात्री करतो. अशा माणसाला साक्षीदार करणं ही बंकटची पहिली चूक. पण त्याला दुसरा साक्षीदार नव्हता.

बंकट सहकारी सूतगिरणीत फिटर होता. गिरणी बंद पडली तेव्हा तो गावात परतला आणि एका जुन्या मोटारसायकलवर पाण्याच्या खेपा करू लागला. त्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं. आमच्याकडे रेल्वे नाही, त्यामुळे बंकट होता. दोन्ही बाजूंना दुधाचे मोठे कॅन, पाण्यानं भरलेले, आणि वाट केजकडची. गावात ज्याच्या-त्याच्या दारात पिंप होतं आणि पिंपाच्या झाकणाला कुलूप होतं. शेजारी शेजाऱ्याकडे बघायचा तो आधी त्याच्या बादलीकडे बघायचा. माझ्या दारातल्या पिंपालाही कुलूप होतं. ते मीच लावलं होतं, आणि रोज सकाळी उठून पाण्याची पातळी काडीनं मोजायचो. काडी कधी कमी दाखवायची, कधी जास्त. मी दोन्ही वेळेला शेजारच्यांवर संशय घ्यायचो.

त्या ओझ्यानं बंकटच्या गाडीचे मागचे दोन्ही शॉकॉप, म्हणजे धक्के झेलणारे दांडे, बसले. एका दुपारी तो वाचनालयात आला. तिथं तेव्हा मी आणि पंखा, दोघंच असायचो, आणि पंखा वीज असली तर.

"आप्पा, गाड्यांचं काही पुस्तक हाय का?"

कुणीतरी देणगीत दिलेल्या परदेशी मासिकांचा एक गठ्ठा होता. त्यातल्या एका पानावर तो थांबला. बुटकी, उघडी-वाघडी मोटारसायकल. मडगार्ड नाही, बाजूचे पत्रे नाहीत, सीट जमिनीला लागेल इतकी खाली. मागच्या चाकापर्यंत सरळ पाइप आलेले.

"हिला मागं शॉकॉप कावून न्हाई?"

मी शब्दकोश काढला. तीन दुपारी आम्ही तो लेख वाचला. मी एक वाक्य वाचायचो, अर्थ लावायचो, मग मला वाटायचं अर्थ चुकला, मग परत वाचायचो. अशा गाडीला तिकडे ताठ शेपटीची म्हणतात, असं मी त्याला भीत भीत सांगितलं. मागचा भाग हलतच नाही. फ्रेमच चाकापर्यंत जाते.

बंकट हसला. "म्हंजे जे न्हाईच ते मोडंल कसं? आप्पा, ह्ये तर दुष्काळासाठीच केलंय की."

लेखात एक बारीक सूचना होती, ती मी त्याला दोनदा वाचून दाखवली. दोन्ही टोकं बंद होणाऱ्या पाइपला जोड देण्याआधी एक लहान भोक पाडावं, नाहीतर आतली हवा तापून जोड फुटतो. बंकटनं मान हलवली. गिरणीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे ठाऊक असणारच. पण त्यानं मला तसं जाणवू दिलं नाही.

मग त्याची नजर कोपऱ्यातल्या स्टँडवर गेली.

तो वर्तमानपत्रं उभ्यानं वाचायचा, निळ्या रंगाचा स्टँड होता. जमिनीत रोवलेले चार पाय, मधे आडवे पाइप, वर उतरती फळी. फळी वाळवीनं खाल्लेली. गावात पेपर एक यायचा, तोही मीच वाचायचो, बसून.

"ह्यो आमच्या गिरणीच्या वर्कशॉपात केलता," बंकट म्हणाला. "बॉयलरच्या उरलेल्या पाइपाचा. असला पाइप आता इकत घ्यायचा तर माझी ऐपत न्हाई. नेऊ का?"

मी काय म्हणालो? इथंच सगळं अडलं होतं. मी "ने" म्हणालो, का नुसती मान हलवली, का मी पुस्तकात बघत होतो आणि त्यानं माझी खाली गेलेली मान होकार समजली? दुसऱ्या दिवशी तो हॅकसॉ, लोखंड कापायची करवत, घेऊन आला. मी दार उघडून दिलं आणि बाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसलो.

गाडी त्यानं घरामागच्या पत्र्याखाली केली. दोन हजार भाकड गोष्टी सांगणारे लोक तिथं उभे राहायचे. केजच्या भंगारातून टाकी आणली, ती मोपेडची. सीटखालच्या स्प्रिंगा जुन्या सायकलच्या. दोन चाकं एका रेषेत आली का बघायला त्यानं पुढून मागं सूत ताणलं. फ्रेम समतल करायला गवंडी वापरतात तशी पाण्याची नळी लावली, तेव्हा मोठा हशा झाला.

"बंकट, नळीतलं पाणी झाल्यावर आमाला दे बे, च्या करू!"

"आधी तुझ्या पिंपाचं कुलूप काढ, मग देतो," बंकट म्हणाला.

गाडी सुरू झाली त्या दिवशी तो माझ्या दारावरून गेला. आवाज मोठा होता. मागं बसायला जागाच नव्हती, नाहीतर त्यानं मला बसवलं असतं असं तो नंतर म्हणाला. मला हायसं वाटलं.

आणि त्याच आठवड्यात धुळाजीची शेळी जॅकवेलमध्ये पडली.

जॅकवेल म्हणजे आमच्या उपसा सिंचन संस्थेची नदीकाठची मोठी विहीर, शेजारी पंपाचं इंजिनघर. नदीच कोरडी, म्हणून विहीरही कोरडी. धुळाजी तिथला राखणदार. शेळी वाचली, पाय मोडला. पण शेळी पडली तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं की विहिरीभोवतीचा कठडा नाही. निळ्या रंगाचा, सव्वा इंची पाइपचा कठडा, तीन बाजूंनी कापून नेलेला. नुसते ठोंब उरले होते.

बंकटच्या गाडीचा मागचा भाग सव्वा इंची पाइपचा होता. आणि खरवडूनही सांध्याजवळ निळा रंग राहिला होता.

संस्थेच्या कचेरीत बैठक झाली. अध्यक्ष सुंदरराव. वाचनालयाचे अध्यक्षही तेच, पण वाचनालयाची बैठक कधी होत नसे. गाडी कचेरीच्या दारात लावलेली. सुंदररावांनी काठीनं पाइपला टकटक केलं.

"ह्यो रंग कुनाचा?"

"संस्थेचा," दोघंतिघं एकदम म्हणाले.

बंकट म्हणाला, "संस्थेचा रंग कुठं न्हाई? देवळाच्या दाराला तोच, शाळेच्या बाकाला तोच. तुमच्या गोठ्याच्या फाटकाला बी तोच हाय, सुंदरराव. डबा उरला की सगळं गाव रंगवताव."

कुणीतरी हसलं. सुंदरराव हसले नाहीत.

"मंग पाइप कुठला, सांग की."

"वाचनालयाचा स्टँड. आप्पांनी दिला. आप्पांना इचारा."

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी खांबाच्या मागं बसलो होतो, तिथं मला कुणी बघत नाही असं मला वाटायचं.

"आप्पा," सुंदरराव सावकाश म्हणाले, "वाचनालयाची वस्तू तुमी परस्पर दिली?"

मला किल्ली आठवली. किल्ली माझ्या खिशात होती आणि खिसा एकदम जड झाला. वाचनालयाची वस्तू ठरावाशिवाय कुणाला देता येत नाही, हे मीच भिंतीवर लिहून लावलं होतं. आणि दुसराही एक विचार आला, तो जास्त वाईट होता. स्टँड तो केवढा! गाडी ती केवढी! त्या स्टँडात एवढा पाइप होता का? समजा अर्धा स्टँडचा आणि अर्धा कठड्याचा असला, तर माझं "हो" चोरीवर पांघरूण घालणार नाही का?

मी म्हणालो, "मला... बघावं लागेल."

बंकटनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे. मला वाटतं, मी पुढं बोलेन म्हणून तो थांबला होता. मी बोललो नाही.

"आप्पालाच ठाऊक न्हाई," सुंदरराव म्हणाले. "मंग गाडी इंजिनघरात ऱ्हाईल. पाइप कुठला, ह्ये कुनी लेखी दिलं की सोडू."

पोलिसात जायचं कुणी म्हणालं नाही. तसं केलं असतं तर कठडा किती दिवस नव्हता आणि कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही, हेही सांगावं लागलं असतं. बंकट दोन दिवसांनी एसटीनं औरंगाबादला गेला.

त्यानंतर होळीला ते पत्र आलं. मी उत्तर दिलं नाही ते न आठवल्यामुळे, असं मी स्वतःला सांगत राहिलो. दरम्यान मी गावात फिरताना पाइप बघू लागलो. सुंदररावांच्या गोठ्याचं फाटक मी तीनदा लांबून पाहिलं. धुळाजीच्या झोपडीचा आडोसा पाहिला. एकदा एका पोराच्या झोक्याचा पाइप निळा दिसला, तर मी सायकलवरून उतरून बघितलं. तो झोका मी स्वतः वर्गणी देऊन लावायला सांगितलेला होता. सगळं गाव निळं होतं आणि मला सगळं गाव चोर दिसत होतं.

वैशाखात संस्थेच्या भिंतीवर नोटीस लागली. विशेष सभा. विषय दुसरा: इंजिनघरातील बेवारस मोटारसायकल भंगारात देणे.

बेवारस! मी घरी आलो आणि जेवताना जगदेवीला, माझ्या बायकोला, ते सांगितलं. मी तिला बहुतेक गोष्टी सांगत नाही, तिला त्या आधीच ठाऊक असतात.

"तुमी लिवलं न्हाई त्याला?"

"आठवत नाही ना मला. मी दे म्हणालो का नाही."

"सतरंजी आठवती का?"

"कुठली सतरंजी?"

"वाचनालयातली. कोपऱ्यात टाकलीया ती. तुमीच घरातनं नेली की. मी म्हनलं, पावन्यांची सतरंजी कावून नेताव, तर म्हनलाव, फरशी गार लागती. अन् तुमी तर कायम खुर्चीवर!"

मी घास खाली ठेवला.

ती भाजी वाढत म्हणाली, "ज्याला ठाऊक नसतं त्यो झाकत न्हाई."

मी हात धुतले आणि किल्ली घेऊन निघालो. ऊन चढलं होतं. वाचनालयात जाऊन सतरंजी उचलली. खाली स्टँडच्या पायांचे चार ठोंब होते, जमिनीपासून इंचभर, हॅकसॉनं कापलेले. ज्या दिवशी बंकटनं स्टँड नेला त्याच दिवशी मी सतरंजी टाकली होती. कुणी विचारू नये म्हणून. मी "ने" म्हणालो होतो. मोठ्यानं म्हणालो होतो. "ने बाबा, कुणाच्या उपयोगाचा नाही," हे शब्द सतरंजीबरोबर वर आले.

म्हणजे एक शंका गेली. दुसरी राहिली. पाइप पुरला होता का?

मी फरशीवर बसलो आणि, का ते सांगता येत नाही, एका ठोंबात करंगळी घातली. आतून काचेसारखा गुळगुळीत. दुसऱ्यात घातली, तसाच. बॉयलरचा पाइप, बंकट म्हणाला होता. त्या परदेशी मासिकात एक चौकट होती, ती मी तेव्हा भाषांतर न करता सोडून दिली होती, कारण मला ती कंटाळवाणी वाटली होती. आता गठ्ठा खाली काढून शोधली. पट्टी वळवून शिवलेल्या पाइपला आत एक उंचवटा असतो, लांबीभर. बिनशिवणीचा पाइप आतून सपाट असतो, तो जास्त मजबूत, जास्त महाग. फ्रेमला तो वापरावा.

मी सायकलीचा एक जुना स्पोक शोधला, टोक किंचित वाकवलं आणि जॅकवेलकडे निघालो.

धुळाजी इंजिनघराच्या सावलीत शेळीच्या वाकड्या जुळलेल्या पायाला तेल चोळत होता. मला बघून उठला.

"आप्पा? तुमी कावून आलाव हिकडं?"

"जरा कठडा बघायचाय."

"हाय कुठं कठडा! सुंदररावानं धाडलंय का तुमाला? मी न्हाई नेला बरं का. माझीच शेळी पडली. कठडा नेऊन माझीच शेळी पाडीन का मी?"

"नाही नाही."

"मंग सगळे माझ्याकडं कावून बघत्यात?"

ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं, कारण त्या बघणाऱ्यांत मीही होतो. मी खाली वाकलो. कठड्याच्या उरलेल्या ठोंबात करंगळी घातली. आत उंचवटा होता, स्पष्ट, जुन्या जखमेच्या वणासारखा. पुढच्यातही होता. सगळ्यांत होता.

"साप असंल आत," धुळाजी काळजीनं म्हणाला.

"धुळाजी, इंजिनघर उघडतोस का? गाडी बघायचीय. हात नाही लावणार." हे खोटं होतं.

त्यानं आधी रस्त्याकडे पाहिलं. मग किल्ली काढली. "मी दारात हुबा ऱ्हातो. मागून म्हनू नका, धुळाजीनं पार्ट काढले."

गाडीवर धूळ बसली होती. बाहेर रस्त्यावर ती जेवढी मोठी वाटली होती तेवढी नव्हती. मागचे चार पाइप, दोन वरचे, दोन खालचे, आणि मधे एक लहान आडवा. मी पाचही वितीनं मोजले. स्टँडचे पाय छातीएवढे उंच होते, त्यांचीच लांबी पुरून उरत होती. एवढं साधं मोजमाप मी चार महिने केलं नव्हतं. नुसता संशय धरून बसलो होतो. मग सांध्याजवळ बोटानं चाचपलं, आणि भोक सापडलं. लहान, तांदळाच्या दाण्याएवढं. प्रत्येक मोठ्या पाइपला एक. मी वाचून दाखवलेलं त्यानं खरंच ऐकलं होतं, किंवा त्याला आधीच येत होतं. मला काय, भोक होतं.

मी स्पोक आत घातला आणि सगळीकडून फिरवला. कुठंच अडला नाही. दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात नाही. चौथ्यात थोडा अडला, मी तो बाहेर काढून परत घातला. तो वेल्डिंगचाच आत उतरलेला ठिपका होता. स्पोक खाली सरकवला, पुढं सपाट. आडव्याला भोकच सापडेना. शेवटी खालच्या बाजूनं सापडलं. तोही सपाट.

"काय करताव आप्पा?" धुळाजीनं दारातून विचारलं.

"कान कोरतोय गाडीचे," मी म्हणालो. असा विनोद मी आयुष्यात दुसऱ्यांदा केला असेल. धुळाजी हसला नाही.

संध्याकाळी मी लिहायला बसलो. पहिला कागद फाडला, कारण त्यात मी कठडा कुणी नेला असावा याबद्दल सहा ओळी लिहिल्या होत्या. दुसरा फाडला, कारण त्यात मी माझ्या तब्येतीबद्दल आणि स्मरणशक्तीबद्दल लिहिलं होतं. तिसरा असा झाला:

"चि. बंकट यास, अनेक आशीर्वाद. वाचनालयाचा स्टँड मी तुला स्वतः, तोंडानं, ने म्हणून सांगितलं होतं. ठराव केला नव्हता, ती चूक माझी. तुझ्या गाडीचे पाइप बिनशिवणीचे आहेत आणि कठड्याचे शिवणीचे आहेत, हे मी आज हातानं पाहिलं. कुणालाही पाहता येईल, भोकातून स्पोक घालून. मी ने म्हणालो होतो, हे बैठकीत मला आठवत होतं. मी बोललो नाही, कारण मला तुझा संशय आला होता. कठडा कुणी नेला ते मला माहीत नाही. विरुपाक्ष."

याची दुसरी प्रत काढली, खाली लिहिलं, "अध्यक्ष, उपसा सिंचन संस्था, यांस माहितीसाठी व सभेत वाचण्यासाठी," आणि वाचनालयाची किल्ली त्या पाकिटात घालून बघितली. पाकीट फुगलं. किल्ली परत काढली. ती मागतील तेव्हा देईन, असं खाली एक ओळ वाढवून लिहिलं.

"अहो, कचेरी दोनशे पावलांवर हाय," जगदेवी म्हणाली. "जाता जाता देऊन या की."

"हातानं दिलेला कागद खणात जातो. धुळाजीचा शेळीच्या भरपाईचा अर्ज अजून तिथंच आहे."

आमच्या संस्थेची एकच शिस्त कुणी मोडलेली नाही. रजिस्टर टपालानं आलेलं पत्र आवक बुकात चढतं आणि सभेत पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं जातं. पूर्वी एकदा सरकारी रजिस्टर पत्र न वाचल्यामुळे संस्था अडचणीत आली होती, तेव्हापासून लग्नाची पत्रिका जरी रजिस्टरनं आली तरी ती वाचतात. मला सभेत बोलता येत नाही. माझा कागद बोलू शकेल.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी केजला गेलो, रजिस्टर तिथंच होतं. सभेला सहा दिवस होते. पोस्टात रांग नव्हती. खिडकीतल्या बाईंनी औरंगाबादच्या पाकिटाचं वजन केलं, शिक्का मारला. दुसरं हातात घेऊन पाठवणाऱ्याचा पत्ता वाचला, मग घेणाऱ्याचा.

"काका, दोन्ही पत्ते एकाच गावचे आहेत."

"हो."

"मग इथून कशाला पाठवता? जाऊन द्या ना."

मागं एक माणूस येऊन उभा राहिला होता. मला वाटलं तो ऐकतोय. मला वाटलं तो सुंदररावांच्या ओळखीचा असेल. मी पाकिटाकडे हात केला, तो परत घ्यायला की पुढं सरकवायला, हे मलाच कळलं नाही.

"पोचपावतीसह," मी म्हणालो.

बाईंनी शिक्का मारला.